उत्पादकाचं म्हणणं

खारघर,
२५ ऑक्टोबर २०२५

ति. दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायला निघाला असशील तर थांब. मी माफी मागायला लिहीत नाहीये. माफीचं पत्र फाडायला सोपं असतं. हे भांडणाचं आहे, म्हणजे तू नक्की वाचशील.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंयस, आणि अस्मिता वहिनीच्या फोनवरून बोलायला गेले तर खोली सोडून जातोस. राहिलं पोस्ट. नेरूळच्या पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही.

परवा भाऊबीज झाली. ओवाळणीविना गेलेली ही तिसरी. ताट मी या वर्षीही तयार केलं होतं, सुपारीसकट, आणि संध्याकाळी आवरून ठेवलं. हे रडगाणं नाही, फक्त सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला, की नरकचतुर्दशीला पहाटे आई गॅसवरचं गरम पाण्याचं पातेलं स्वतः उचलून बाथरूमकडे निघाली, वाटेत फडकं सुटलं, आणि उजव्या पायाचा घोटा भाजला. तू तिला दवाखान्यात नेलंस. तरी दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पुन्हा पातेलं घेऊन हजर. बाथरूममध्ये तू बसवलेला नवाकोरा गिझर भिंतीवर लटकतोय आणि सत्त्याहत्तर वर्षांची बाई उकळतं पाणी उचलते आहे!

मी तिला फोन करून ओरडले. तर मला म्हणते, "अगं, दोघंही माझीच. तो म्हणतो लाव, तू पेपरात म्हणतेस नको. मी कुणाची बाजू घेऊ? मी गॅसची घेतली."

"आई, हा नवा गिझर आहे. जुन्याबद्दल लिहिलं होतं मी."

"ते मला कळत नाही. तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे राहा आणि एका तोंडाने सांगा. मग दाबते बटण. तोवर माझं पातेलं बरं."

म्हणजे आपण बोलत नाही याचा हिशेब ती रोज सकाळी उकळत्या पाण्याने चुकता करते. हट्ट कुणाचा कुणात उतरलाय ते तूच ठरव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी तीन माणसं एका घरात जमली, दुसरं काय.

आता भांडण. तीन वर्षांपूर्वी मी काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने तुला सांगितलं, मी सोडून. कारण ऐकायला तू थांबलाच नाहीस.

नावड्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं होतं. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, लहान मूल घरात आहे, गिझर 'जयमाला' कंपनीचा, काय करू? दादा, आईच्या नावाचा गिझर. पावणे एमआयडीसीतल्या तुझ्या शेडवर तू ती पाटी चढवलीस तेव्हा पेढे मीच वाटले होते. मला सोपी वाट होती. पत्र बाजूला ठेवायचं आणि त्या रविवारी एखाद्या मिक्सरवर लिहायचं. कुणाला कळलं असतं? पण 'प्लग लावण्याआधी' हे सदर मी इतकी वर्षं ज्या जोरावर लिहिते तो जोर एकच आहे. वस्तू दुकानातून विकत घ्यायची, पूर्ण किमतीला, नाव न सांगता. कंपनीचा फुकट नमुना घ्यायचा नाही, कंपनीला आधी कळवायचं नाही. घरात वापरायची, मग उघडून पाहायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं एकदा जरी केलं, तर मागचे सगळे रविवार खोटे पडतात.

गिझर आणला, उघडला. तपासणीच्या मीटरची एक तार प्लगच्या जाड पिनेला लावली, दुसरी पाण्याच्या पाइपच्या तोंडाला. बीप यायला हवा होता. मीटर मुका. आत पाहिलं तर हिरवी तार जागेवर होती, स्क्रू घट्ट होता, पण स्क्रू पावडर कोटिंगच्या थरावर बसला होता. रंगातून करंट जात नाही. आत करंट गळला तर तो जमिनीत जाणार नाही, माणसात जाईल. तू कोटिंगवाला बदलला होतास, आणि स्क्रूच्या जागी टेप चिकटवून मग रंग मारायचा हे नव्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढीशी गोष्ट. न्हावा शेव्याच्या बंदरात खाऱ्या वाऱ्यात, ओल्या जमिनीवर उभं राहून थंड कंटेनरचे प्लग तू वर्षानुवर्षं लावलेस. हिरव्या तारेची किंमत मला तूच शिकवलीस. आणि तो मीटरही तुझाच, मी इंजिनियरिंगला गेले तेव्हा दिलेला. त्याच्या बटणावरचे आकडे पुसलेत, पण तो अजून खोटं बोलत नाही.

मी लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की उत्पादक माझा सख्खा भाऊ आहे. शेवटी, दर रविवारी असते तीच ओळ. पास झालेल्या वस्तूखाली मी लिहिते, 'माझ्या आईच्या घरी मी हे लावीन.' नापास झालेल्या वस्तूखाली, 'लावणार नाही.' इतकी वर्षं ती नुसती बोलायची रीत होती. त्या रविवारी ती खरीखुरी झाली, कारण आईच्या घरी तो आधीच लागलेला होता. मग त्या व्हिडिओवाल्या पोरांनी 'बहिणीने भावाला नापास केलं' म्हणून जो तमाशा केला, तो माझा नव्हता.

तू फोन केलास आणि दोनच वाक्यं बोललास. पहिलं, "एक फोन केला असतास, गीता." दुसरं, "तुला इंजिनियर केलं, आणि तू भांड्याकुंड्यांवर लिहीत बसलीस."

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे. बाकीच्यांना मी फोन करत नाही, म्हणून तुलाही केला नाही. दुसऱ्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. महाप्याची स्टॅबिलायझरच्या कंपनीतली नोकरी सोडून मी लिहायला लागले, तेव्हापासून तू पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतोस, "ही आमची गीता, पेपरात काहीतरी लिहिते." काहीतरी!

लेखानंतरच्या रविवारी मी 'उत्पादकाचं म्हणणं' अशी चौकट छापते. उत्पादक जे लिहून पाठवेल ते, एक अक्षर न कापता. मोठमोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी मला शिव्या घातल्या, त्याही मी तशाच छापल्या. तुझ्या चौकटीत एकच ओळ गेली, 'उत्पादकाकडून उत्तर आलेलं नाही.' माझी संपादक क्रांती म्हणाली, चौकट काढून टाकू, उगाच दुखावतं. मी म्हटलं, राहू दे, येईल उत्तर.

आईच्या घोट्याला फोड आला आहे. काय करायचं ते सांग. पोस्टाने सांगितलंस तरी चालेल.

भांडायला कायम तयार,
तुझी गीतांजली


खारघर,
१६ नोव्हेंबर २०२५

ति. दादा,

काल दारात टेम्पो उभा राहिला. दोन माणसांनी लिफ्टमधून एक खोकं वर आणलं आणि विचारलं, "मॅडम, कुठे ठेवू?" खोक्यावर आईचं नाव. आत नवा गिझर, गॅरंटी कार्ड, आणि पिवळ्या चिठ्ठीवर तुझं अक्षर: 'तपास.'

तीन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा एकमेव शब्द. मी तो पाच-सहा वेळा वाचला, हे कबूल करते.

आणि मग खोकं त्याच टेम्पोतून परत पाठवलं. येण्याजाण्याचं भाडंही ड्रायव्हरच्या हातात दिलं.

तू आता लालबुंद झाला असशील. वहिनीने सांगितलंच, की टेम्पो पावण्याला परत आला तेव्हा तू शेडमध्ये सगळ्यांदेखत "गेली खड्ड्यात" म्हणालास. म्हण. पण विचार कर. कंपनीने स्वतः निवडून, पुसून, चार वेळा तपासून पाठवलेला गिझर मी पास केला, तर त्या पास होण्याला काय किंमत? एकदा एका कंपनीने मला फ्रिज पाठवला होता, आत मिठाई ठेवून. मिठाईसकट परत केला. वॉचमन चार दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्या या घरातलं एकही यंत्र भेटीदाखल आलेलं नाही, दादा. माझा टीव्ही जुना आहे, फोन जुना आहे, मिक्सर तर विचारूच नकोस, आणि मला त्याचा गर्व आहे. उगाच नाही सांगत, खरोखरचा गर्व आहे. उरणची कुणी बाई मिक्सर घेताना दुकानदाराला म्हणते, "गीतांजलीबाईंनी काय लिवलंय ते आदी दाखव," तेव्हा मला जे वाटतं ते महाप्याच्या एसी ऑफिसात कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या एका शब्दाला माझंही एका शब्दात उत्तर: तपासते. पण माझ्या पद्धतीने. कुठून घेणार, कधी घेणार, ते तुला कळणार नाही. दुकानाबाहेर माणसं उभी करू नकोस, तुझा स्वभाव माहीत आहे मला.

तोवर एक विनंती, आणि ही भांडणाची नाही. आईचं पातेलं लपव. मोठं ते, जाड बुडाचं. लहान भांड्यात ती थोडं थोडं पाणी नेईल, कंटाळेल, पण भाजणार तरी नाही.

गीतांजली

ता. क. चिठ्ठीचा पिवळा कागद मात्र ठेवून घेतला आहे. तो नमुन्यात मोडत नाही, असं मी ठरवलं.


खारघर,
१० जानेवारी २०२६

ति. दादा,

हे पत्र मी कुरिअरवाल्याच्या हाती देते आहे, आज संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. उद्या रविवार. उद्याच्या अंकात तुझा गिझर आहे. निकाल काय ते सांगणार नाही. पेपर घे, पूर्ण किमतीला.

पण एक गोष्ट सांगायची आहे जी मी पेपरात कधीच लिहिली नाही, आईलाही सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी मी तुझा एकच गिझर घेतला नव्हता. पहिल्यात मीटर बोलला नाही तेव्हा मी पुन्हा बाहेर पडले, दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. तोही मुका. मग तिसरा, थेट पनवेलहून. मी कुठल्याही वस्तूसाठी असं करत नाही. एकात चूक दिसली की लिहून मोकळी होते. तुझ्यासाठी मी तीन आणले, कारण मला एक तरी बोलणारा हवा होता. एक बोलला असता तर लिहिता आलं असतं, की एखाददुसरा नग चुकीचा निघाला, बाकी कंपनी चांगली. घरभर तीन गिझर, सगळीकडे आईचं नाव, आणि मी जमिनीवर बसून एकेकाला तार लावत होते. तिसराही गप्प राहिला तेव्हा मी रडले आणि मग लिहायला बसले. तू मला दगड समजतोस म्हणून हे सांगितलं. बाकी लेखातला एक शब्दही मी आजही बदलणार नाही.

यावेळीही तीन घेतले. उलट भीतीने, एक बोलला आणि पुढचा बोलला नाही तर, म्हणून. चौथा घ्यायचा मोह आवरला.

पहिला तळोज्याच्या एका दुकानातून. दुकान अब्दुल्लाभाईंचं, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी तोंडाला ओढणी गुंडाळून गेले होते. पैसे दिले, बिल घेतलं, खोकं उचलायला माणूस बोलावला, तर अब्दुल्लाभाई म्हणाले, "थांबा बाई. बीप आयकल्याशिवाय खोका दुकानातून जाऊ द्यायचा नाय, असा कंपनीवाल्याचा कडक हुकूम हाय."

"कुणाचा हुकूम?"

"मालकाचा. सोता येतो तो. खिशात मीटर घेऊन फिरतो. पावण्यासून इथपावत एकेका दुकानात गेलाय. गिऱ्हाइकासमोर खोका उघडायचा, पिनेला एक तार, पायपाला एक तार. बीप आला तर द्यायचा, नाय आला तर गाडीभाडं तो देतो, माल परत. मी त्याला बोललो, अरे बाबा, येवडं कोन करतं? तर बोलला, एका मानसाने मला पेपरात नापास केलाय, आता मी सोताला रोज नापास करून बघतो."

मग त्यांनी माझ्यासमोर मीटर लावला. बीप आला, दुकानभर ऐकू जाईल असा. दादा, मी बारा वर्षं लोकांना सांगते आहे की दुकानात मीटर लावून बघा, दुकानदाराला लाजू नका. लोक वाचतात, मान डोलवतात आणि तसंच खोकं घरी नेतात. माझं ऐकणारा पहिला उत्पादक तू निघालास, आणि माझ्याशी न बोलता!

निघताना अब्दुल्लाभाई काउंटरच्या काचेकडे बोट दाखवून हसले. काचेखाली माझ्या लेखांची कात्रणं ओळीने लावलेली, आणि पहिल्याच कात्रणावर माझा फोटो. "ओढनी काडा आता, गर्मीने मराल," म्हणाले. "भाऊ हाय ना तो तुमचा? नाकावरून वळखलं. दोगांचं नाक एकच हाय, येवडं वर."

बाकीचे दोन कुठून घेतले ते सांगत नाही. त्या दुकानदारांनी हुकूम पाळला की नाही तेही पेपरात.

एक गिझर महिनाभर माझ्या बाथरूममध्ये चालवला, दोन उघडले. काय दिसलं ते उद्या.

निकाल काहीही असो, उद्या दुपारी मी नेरूळला जेवायला येते आहे. वहिनीला सांगितलं आहे, आईला सांगितलं आहे, तुला हे पत्र सांगतं आहे. खोली सोडून गेलास तर जा. घर टू बीएचके आहे, किती लांब जाशील?

गीतांजली


खारघर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

आता बोलतोच आहोत तर पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण काही गोष्टी मला तोंडाने सांगता येत नाहीत, आणि तुला तर कुठलीच येत नाही. म्हणून हे शेवटचं.

गेल्या रविवारी मी दार उघडून आत आले तेव्हा तू सोफ्यावर होतास आणि पेपर तुझ्या हातात नव्हता. मला वाटलं, वाचलाच नाहीस. तेवढ्यात आतून आई पेपर घेऊन आली, चष्मा नाकावर, आणि म्हणाली, "बसू नका कुणी. उभे राहा दोघं. असं नाही, शेजारी शेजारी." आपण शाळेत अंगठे धरायला उभं केल्यासारखे उभे राहिलो, तू साठीला आलेला आणि मी सेहेचाळीसची, आणि तिने सगळा लेख मोठ्याने वाचला. पॅसेजमध्ये वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती.

हिरव्या तारेबद्दल आईने वाचलं तेव्हा मी तुझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. 'कोटिंगच्या आधी जागा झाकलेली, नंतर खरवडून साफ केलेली, धातूला धातू लागलेला. एका जागी पुरलं असतं तिथे तार दोन जागी जोडलेली. इतकी नेटकी अर्थिंग मी या किमतीच्या गिझरमध्ये आजवर पाहिलेली नाही.' तू खिडकीबाहेर बघत होतास. तिथे समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी सोडून काहीही नाही, तरी बराच वेळ बघत होतास. वायर आखूड आहे हेही मी लिहिलं होतं, तिथे मात्र तू "हां" म्हणालास.

आणि शेवटची ओळ. 'माझ्या आईच्या घरी मी हे लावीन.'

आई थांबली. "लावीन म्हणजे काय? लागलेलाच आहे. बोला आता दोघं."

"लाव," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी तूही म्हणालास. तीन वर्षांत आपण दोघं मिळून बोललेला तो पहिला शब्द.

मग ती टॉवेल घेऊन आत गेली. बाराच्या ठोक्याला, जेवणं खोळंबून ठेवून, दुसऱ्यांदा आंघोळीला! आपण दोघं दाराबाहेर उभे. तू हाताची घडी घालून, मी भिंतीला टेकून. आत बटण दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पाण्याचा आवाज, बादली, तांब्या. खरं सांगते, मी लाखावर वाचकांसाठी लिहिते, पण इतक्या धाकधुकीने कुठल्याच निकालाची वाट पाहिली नाही. तुझं मला माहीत नाही. तुझ्या शर्टाच्या खिशात मीटर होता आणि त्यावर तू हात दाबून धरला होतास, एवढं मी पाहिलं.

दार उघडून आई बाहेर आली, लालबुंद, केसांतून पाणी ठिबकत, आणि पहिलं वाक्य काय, तर, "पाणी तापलंय की नाही ते कळायचं कसं?"

"वर दिवा आहे ना, आई," तू म्हणालास. "बारीकसा लाल. तापलं की बंद होतो."

"मला नाही दिसला."

"चष्मा लावला असतास तर..."

"आशुतोष, आंघोळ करताना चष्मा कोण लावतं रे?"

तू गिझर बनवलास, मी महिनाभर त्याच्याखाली न्हाले, दोघांना चष्मा लागलेला, आणि दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही! मी घरात आधी तो दिवा बघत होते, दारात उभी राहून, चष्म्यासकट, तपासणीस म्हणून. मग आंघोळीला जाताना चष्मा काढून ठेवत होते. हसावं की लाजावं ते मला कळेना. आणि तेव्हा तू बोललास, माझ्याशी, माझ्याकडे बघून.

"लिही हे," म्हणालास. "नाव घालून लिही."

मी म्हटलं, लेख छापून झाला आहे. आता तुझी पाळी. चौकट रिकामी आहे.

जेवताना मला वाल वाढलेस, तेही नको म्हणत असताना. आईने त्या दिवशी भाऊबीज उरकून घेतली, जानेवारीत. ओवाळणीत तू काय दिलंस ते लिहीत नाही, पण ती भेटवस्तू आहे, नमुना नाही, म्हणून ठेवून घेतली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट पेपरच्या ऑफिसात पोचलं. माझ्या घरी नाही, ऑफिसात, कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. क्रांतीने मला फोन केला. "गीता, उत्तर आलंय. चांगलं आहे. पण शेवटची दोन वाक्यं गिझरबद्दल नाहीत गं. जागा कमी आहे, कापू का?"

मी म्हटलं, वाचून दाखव. तिने वाचलं. मग तेवढीच दोन वाक्यं मी तिला पुन्हा वाचायला लावली.

"कापायचं नाही," मी म्हटलं. "उत्पादकाचं म्हणणं आपण कापत नाही."

मग आज सकाळी खाली उतरले. ऑफिस मला अंक घरी पाठवतं, पण मी स्टॉलवर गेले आणि तीन अंक विकत घेतले, पूर्ण किमतीला, नाव न सांगता. तिथेच फुटपाथवर उभी राहून एकेक उघडून पाहिला. तिन्हींत छापलंय, दादा, तुझं तुझ्याच शब्दांत:

'गिझरवरचा दिवा चष्म्याशिवाय दिसत नाही, ही तक्रार लेखात नव्हती, ती आमच्या आईने केली. ती बरोबर आहे. दिवा मोठा करून खाली घेत आहोत, आणि ज्यांनी गिझर आधी घेतला त्यांच्या घरी जाऊन बदलून देऊ. वायरही लांब करू. तीन वर्षांपूर्वी अर्थिंगबद्दल जे छापलं होतं, तेही बरोबर होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो. दोन्ही वेळा तपासणी माझ्या धाकट्या बहिणीने केली. ती इंजिनियर आहे.'

तुझी,
गीतांजली